तीनदा आवळलेला बोल्ट

"मग सुटतो कसा, ते सांगा की. डिंक लावला, नवा बोल्ट घातला, आकड्याबरोबर आवळला. आता काय त्याची आरती करायची ऱ्हायलीया?"

दस्तगीर वस्तादानं बोल्टाकडं एकदा पाहिलं.

उजव्या कानावरची विडी काढून डाव्या कानावर ठेवली, एवढंच.

सातापानं हातातला बोल्ट बाकड्यावर आपटला. अंगठ्याएवढा जाड, मोठ्या टोपीचा, काळा कुळकुळीत. इंजिनाच्या पोटात फिरणारा क्रँकशाफ्ट पुढच्या बाजूला नाक बाहेर काढतो. त्या नाकावर पुली बसते, पुलीवर पट्टा चालतो. आणि एवढ्या सगळ्याला धरून ठेवायला बोल्ट असतो एकच. हाच.

एकच असतो, आणि त्यालाच सुटायची हौस.

"तीनदा," सातापा म्हणाला. "दीड महिन्यात तीनदा. मी म्हनून आवळतोय. दुसरा असता तर गाडीच पेटवून दिली असती."

"तू पेटव की मग," मागून आवाज आला. "आमी उतरलोयच."

हौसाक्का बोलली. शेडच्या सावलीला चौदा बायका बसल्या होत्या, डबे मांडीवर घेऊन. काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या. मल्हारीची जीप त्यांना रोज सकाळी घाट उतरवून खाली नेते आणि दिवस मावळायला वर आणते. चौदा जणींत हौसाक्का वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी.

आज घाटाच्या तोंडाशीच पुली डुगडुगली आणि पट्टा उडाला. त्या पट्ट्यावरच ब्रेकचा पंप चालतो. पट्टा गेला की ब्रेक दगड होतो. मल्हारी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, आणि गाडी कशीबशी वस्तादाच्या शेडपुढच्या मुरमाच्या ढिगात घातली. आणखी एक वळण गेलं असतं तर गाडी शोधायला दोर लागले असते.

मल्हारीनं निरोप धाडला आणि गाडी वस्तादाच्या शेडपुढंच अडकली होती म्हणून सातापा आला. नाही तर सातापा या शेडीत मेला तरी पाय ठेवणार नव्हता.

सात वर्षं ठेवला नव्हता.

तीन वर्षं तो इथं शिकला. मग एका सकाळी हातातली काडी भिरकावून निघून गेला. काडी म्हणजे खरोखरीची काडी, खराट्याची. वस्तादाची एक रीत होती. कुठलाही मोठा बोल्ट असो, पाना लावायच्या आधी तो नुसत्या बोटांनी भोकात उतरवायचा. आटे मोजायचे, एका फेऱ्याला एक. मोठ्यानं मोजायचे, शाळेत पाढे म्हणतात तसे. मग खराट्याची काडी भोकात घालून खोली बघायची. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी. पोरी रस्त्यानं चालल्या असल्या तरी.

वीस वर्षांचा गडी, मिसरूड फुटलेला, आणि भर रस्त्यावर "एक, दोन, तीन" करत बसायचं. बालवाडी आहे का ही?

तिठ्यावर त्यानं आपलं गॅरेज काढलं. बोर्ड लावला, इंजिन स्पेशालिस्ट. पाने आणले ते मखमलीच्या पेटीतले. जोराचा आकडा लावला की बरोबर तेवढ्या जोराला 'कट्' वाजणारा पाना आणला. पंचक्रोशीत असा पाना कुणाकडं नव्हता. वस्तादाकडं तर नव्हताच.

आणि त्या पान्यानं तीनदा आवळलेला बोल्ट तीनदा सुटला.

"ह्या जीपवाल्यानं गाडी पळवली आसंल," सातापा म्हणाला.

"चौदा बायका घिऊन कुटं पळवू?" मल्हारी ढिगावर बसून तंबाखू मळत होता. अर्धा चुना मांडीवरच सांडत होता. "कायबी बोलू नगंस."

"मग रस्ता. खड्डं बघा."

"खड्डं सगळ्यांलाच हाईत," हौसाक्का म्हणाली. "समद्या गाड्यांचं बोल्ट पडत्यात का खड्ड्यात?"

"मग माल. बाहेरचा माल हाय ना. कंपनीचा मिळंना म्हनून बाहेरचा घातला. खोक्यावर लिवलंय, ह्याच गाडीचा. चकचकीत खोकं, वर चांदीचा शिक्का. आत काय भरत्यात देव जाणे. असल्या लोकांस्नी..."

त्याला राग आवरेना. आणि तो राग खोटा होता असं कुणी म्हणू नये. खोक्यावर एक आणि खोक्यात एक हा धंदा झालाच आहे. आवळणाऱ्यानं घाम गाळायचा, नाव त्याचं जायचं, आणि खोकं बनवणारा कुठल्या गावात बसलाय ते कुणाला ठाऊक नाही.

वस्तादानं ऐकून घेतलं.

मग म्हणाला, "आवळ."

"आँ?"

"बोल्ट. आवळ. तिकडं कसा आवळतोस तसा."

"आवळून काय हुनार? परत सुटंल."

"मला बघायचं हाय. तुझा पाना मी बघितल्याला न्हाई."

यात टोमणा होता की काय, ते सातापाला कळलं नाही. वस्तादाच्या तोंडावर ते कधीच कळायचं नाही. पण पाना दाखवायचा म्हटल्यावर तो हलला. फटफटीवरची पेटी आणली. उघडली. बायकांनी माना उंच केल्या.

"दागिन्याची हाय जणू," एक जण म्हणाली.

सातापानं पुली बसवली. बोल्ट सुटू नये म्हणून आट्यांना लावतात त्या लाल डिंकाचे दोन थेंब लावले. बोल्ट घातला. पान्यावर आकडा लावला, तो मोठ्यानं सांगितला, कारण इथं कुणाला आकडा माहीत नसणार. मल्हारीला गाडी गिअरमध्ये घालून ब्रेकवर उभं केलं, आणि पाय रोवून ओढलं.

कट्.

"वाजलं," सातापा म्हणाला. "ऐकलं न्हवं?"

"ऐकलं."

"बराबर वाजलं."

"कुनी वाजवलं?"

"पान्यानं. अजून कुनी?"

"आनि पान्याला कुनी सांगितलं?"

"वस्ताद, त्यो पाना हाय. त्याला सांगावं लागत न्हाई. जोर पुरा झाला की त्यो वाजतो."

"जोर कुनाला लागला?"

"... पुलीला."

वस्ताद उठला. गुडघा धरून उठला, कारण गुडघा आता नावालाच होता. विडीच्या बंडलाचा कागद खिशातून काढला. पातळ, गुलाबी. एक पट्टी फाडली, जिभेवर लावून सरळ केली, आणि जीपच्या तोंडात वाकला.

कागदाचं टोक त्यानं बोल्टाच्या टोपीखाली लावलं. टोपी आणि पुली यांच्या मध्ये. जिथं घट्ट आवळलेल्या बोल्टाच्या टोपीखाली वारासुद्धा जात नाही, तिथं.

कागद आत गेला.

वस्तादानं तो हळूच ओढून परत काढला. पुन्हा घातला. पुन्हा गेला.

बायका पुढं सरकल्या.

हौसाक्का डबा खाली ठेवून उठली, जवळ आली, पदर खोचून वाकली. "गेला की आत," ती म्हणाली.

"कागद पातळ हाय," सातापा म्हणाला.

"विडीचा कागद पातळच असतुया," वस्ताद म्हणाला. "जाड कागदाची विडी तू बघितलीस का कुटं?"

सातापानं त्याच्या हातातून कागद ओढून घेतला. स्वतः घातला. वरून गेला. खालून गेला. पुली फिरवून पलीकडून घातला, तिकडूनही गेला. बोल्ट मात्र हाताला हलेना. पाना लावला तर पुन्हा 'कट्'. इतका घट्ट की आणखी ओढलं असतं तर बोल्टाची मान मोडली असती.

घट्ट होता. आणि पुलीला शिवलासुद्धा नव्हता.

"हे कसं काय..."

"काढ."

सातापानं बोल्ट काढला. डोळ्यासमोर धरून टोपी बघू लागला. टोपीला काही चीर आहे का, ओतकाम फसलंय का.

"कुटं बघतोस?"

"टोपी."

"तीनदा टोपीच बघितलीस?"

"मग काय बघू? पाना टोपीलाच लागतो."

वस्तादानं बोल्ट त्याच्या बोटांतच उलटा केला.

शेंडा चमकत होता. बाकीचा बोल्ट काळा, आणि शेंड्याच्या तोंडावर नव्या नाण्यासारखी एक गोल टिकली. कशावर तरी टेकून, घासून, दाबून झालेली.

सातापाच्या कपाळावर आठी पडली. ती तशीच राहिली.

वस्ताद शेडीच्या कोपऱ्यात गेला. तिथं खराटा होता. सात वर्षांत खराटा बदलला असेल, कोपरा तोच होता. त्यानं एक काडी उपसली आणि सातापापुढं धरली.

सातापानं हात पुढं केला नाही.

चौदा बायका बघत होत्या. मल्हारी बघत होता. रस्त्यानं एक ट्रॅक्टर चालला होता, तोसुद्धा हळू झाल्यासारखा वाटला.

"मी तिठ्यावरचा मिस्त्री हाय, वस्ताद," तो दात दाबून म्हणाला. "शिकाऊ न्हाई."

"मी कुटं म्हनलो शिकाऊ?"

"मग काडी तुमी घाला."

"बोल्ट तू घातलास."

काडी तशीच हवेत. वस्तादाचा हात म्हातारपणानं थोडा थरथरत होता, आणि काडीचं टोक त्याहून जास्त.

"ए बाबा," हौसाक्का म्हणाली. "काडी हाय ती. साप न्हवं. आमी रोज ह्या गाडीत बसतोय, आनि तुला काडी धरवंना?"

सातापानं काडी घेतली.

पुलीतून आत सरकवली. पार भोकाच्या तळाला टेकेपर्यंत. पुलीच्या तोंडापाशी नख दाबलं, काडी बाहेर काढली. अर्धी काडी तेलानं भिजलेली. नख न हलवता ती बोल्टाशेजारी धरली, नख टोपीच्या खाली टेकवून.

बोल्ट लांब निघाला. फार नाही. एका कागदाएवढा.

म्हणजे बोल्टाचा शेंडा भोकाच्या तळाला आधी टेकत होता. टोपी पुलीवर बसायच्या आत. पाना वाजायचा तो तळाला टेकल्याबद्दल वाजायचा. पुली बिचारी मोकळीच.

"बघितलंसा?" सातापा उसळला. "बघितलंसा, लांब हाय. मी काय म्हनत हुतो? माल. खोक्यावर लिवत्यात ह्याच गाडीचा आनि बोल्ट लांब घालत्यात. आत्ता जातो त्या दुकानदाराच्या टाळक्यात..."

"जुन्या बोल्टाला वायसर हुता?"

सातापा थांबला.

"काय?"

"वायसर. टोपीखाली चकती असती त्यो. जाड. बोटाच्या पेराएवढा न्हाई, पर जाड."

"... हुता."

"कुटं हाय?"

"नव्या बोल्टाच्या टोपीलाच कडं हाय, वस्ताद. रुंद. वेगळा वायसर लागत न्हाई असं..."

"खोक्यावर लिवलं हुतं?"

"न्हाई."

"मग कुनाला कळलं, लागत न्हाई म्हनून?"

सातापा मान फिरवून जीपकडं बघू लागला. बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"मला," तो म्हणाला.

"वायसर कुटं हाय?"

"हाय. गॅरेजला हाय. शटर वडायच्या दोरीला बांधलाय."

"म्हंजे रोज सकाळी हातात धरतोस."

"... व्हय."

मल्हारीनं तंबाखू थुंकली. हसला नाही. ज्याच्या पायाखाली घाटात ब्रेक दगड झाला होता त्याला एवढ्यात हसू येत नाही.

सातापाचा चेहरा लाल झाला. वस्तादाच्या बाकड्याखाली डबे होते, रंग उडालेले, तेलाचे, बिस्किटांचे. त्यांत काय काय असतं ते त्याला ठाऊक होतं. तीन वर्षं त्यानंच ते वेचून, रॉकेलमध्ये धुऊन, आकारवार लावले होते.

"तुमच्या डब्यात असंल की एखादा."

"धा हाईत."

"मग द्या एक."

"तुझा आन."

"वस्ताद, तीन मैल जायचं, तीन मैल यायचं. बायकांचा खाडा हुतोय. डब्यात धा हाईत म्हनता आनि..."

"तुझा आन."

हे काय वागणं झालं? सातापा बायकांकडं वळला. त्या तरी ओरडतील, म्हाताऱ्याला शहाणपण शिकवतील, असं त्याला वाटलं.

हौसाक्कानं डब्यातली भाकरी काढून मांडीवर घेतली होती. "जा की," ती म्हणाली. "आमी जेवतो तवर."

फटफटीला त्यानं अशी लाथ मारली की ती पहिल्या लाथेत सुरू झाली.

वाटेनं तो वस्तादाला शिव्या देत गेला. मग दुकानदाराला. मग मल्हारीला, हौसाक्काला, काजूला. तिठ्यावर आला तेव्हा शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं.

शटर अर्ध्यावर होतं. वर बोर्ड. खाली दोरीला वायसर लोंबत होता. रोज हात लागून गुळगुळीत झालेला, छान वजनदार. बांधला त्या दिवशी तो किती खूश झाला होता, काय मुठीत बसतो म्हणून.

गाठ सुटेना. दातांनी ओढली. शेवटी दोरी कापली.

आता शटर खाली ओढायला काही धरायला नव्हतं. त्यानं ते तसंच सोडलं.

परत आला तेव्हा वस्ताद होता तिथंच होता. वायसर त्यानं हातात घेतला नाही. नुसती नजर टाकली.

"धू."

सातापानं पेट्रोल घेतलं. बोल्टाच्या आट्यांतला जुना डिंक तारेच्या ब्रशनं खरवडला. तेलावरच लावलेला होता तो, साल निघावी तसा निघाला. काडीला चिंधी गुंडाळली आणि भोकातलं तेल टिपलं. एकदा, दोनदा, चिंधी कोरडी निघेपर्यंत. वायसरच्या दोन्ही बाजू पुसल्या, पुलीचं तोंड पुसलं. तिथं थोडा रंगाचा थर होता, तो घासून काढला. हे सगळं त्याला येत होतं. सात वर्षांपूर्वीपासून येत होतं.

मग पुली बाजूला ठेवली. बोल्ट नुसत्या बोटांनी भोकात लावला आणि फिरवू लागला.

"ऐकू येत न्हाई," वस्ताद म्हणाला.

सातापाचा हात थांबला.

"मनात मोजतोय."

"मला मनातलं ऐकू येत न्हाई. म्हातारा झालोय."

सातापानं ओठ आवळले. घाटाकडं पाहिलं. वळणापाशी कठड्याचा एक दगड पडलेला होता, तो किती दिवस पडलेला होता कुणास ठाऊक. पलीकडं नुसतं आभाळ.

"एक," तो म्हणाला. "दोन... तीन..."

सहाला मागून कुणी तरी बाई बरोबर म्हणाली. सातला तिघी. दहाच्या पुढं चौदाच्या चौदा मोजू लागल्या, आणि कुणी तरी फिस्सकन हसलं, आणि हौसाक्का म्हणाली, "गप गं, चुकवशील त्याला."

"एकोनीस," सातापा म्हणाला. बोल्ट तळाला टेकला.

"ध्यानात ठेव."

बोल्ट काढला. पुली चढवली, वायसर ओवला. आता डिंक लावू का, विचारलं.

"लाव. डिंक वाईट न्हाई. धुतल्यावर लावावा."

पुन्हा बोटांनी. पुन्हा मोठ्यानं. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही.

सोळाला टोपी वायसरवर बसली.

"तळ कितीला हुता?"

"एकोनिसाला."

वस्तादानं मान हलवली. खाली तीन आटे मोकळे राहिले होते, शेंडा तळाला पोचलाच नव्हता.

सातापानं पाना लावला. मल्हारी ब्रेकवर उभा राहिला. कट्. या खेपेला त्यानं "वाजलं" असं म्हटलं नाही. विडीचा कागद उचलला आणि स्वतःच टोपीखाली लावला.

कागद दुमडला.

दुसऱ्या बाजूनं लावला, दुमडला. जोर केला, फाटला.

वस्ताद बायकांकडं वळला. "कुनाकडं नखाचा रंग हाय?"

बायका एकमेकींकडं बघू लागल्या. मग नुकतंच लग्न झालेल्या एकीनं लाजत लाजत पिशवीतून बाटली काढली. लालभडक. बाकीच्यांनी तिला चिमटे काढले.

वस्तादानं त्या बारक्या ब्रशनं बोल्टाच्या टोपीवरून, वायसरवरून, पुलीवर अशी एक सरळ रेघ ओढली. हात थरथरत होता, रेघ थरथरली नाही.

"हौसाबाई, हिकडं या."

ती आली.

"ही रेघ. रोज सकाळी गाडीत बसायच्या आधी मल्हारीला पुढनं दाखवाया लावायची. सरळ हाय तवर बसा. मधनं मोडली, इकडची तिकडं झाली, तर बसू नका. कुनी कितीबी गोड बोलू दे."

"आनि मग?"

"मग चालत जावा."

सातापाला हे मात्र सोसेना. "वस्ताद, ह्या बायकांस्नी काय कळतंय इंजिनातलं? मी हाय की. मी बघीन महिन्याला."

हौसाक्काच्या तोंडाशी काही तरी आलं होतं. वस्तादानं हात वर केला, तशी ती थांबली. आणि मग वस्ताद पहिल्यांदा तापला. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. त्याच्याकडं शिकलेल्यांना तो आवाज ठाऊक होता.

"तीनदा तू बघितलंस. तीनदा ह्या बायका घाट उतरल्या. तुझ्या बोर्डावर इस्वास ठिवून. तुला पाना वाजल्याला ऐकू आला, आनि ह्यांस्नी रेघ मोडल्याली दिसनार न्हाई म्हनतोस? रोज हज्जारो काजू फोडत्यात. गर न मोडता. तू एक फोडून दाव."

सातापानं पाना बाकड्यावर ठेवला.

मल्हारीनं पट्टा चढवला, ताणला. गाडी सुरू केली. पुली फिरली, डुगडुगली नाही. त्यानं ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला. पाच-सहा वेळा. मग बायकांना हात केला.

त्या चढू लागल्या. डबे आत गेले, पदर आत गेले. शेवटी हौसाक्का चढली आणि तिनं मागच्या फळीवर थोडी जागा सोडली.

"बस," ती सातापाला म्हणाली. "तू बी बस. पयला घाट तुझ्यासंगं उतरू."

त्यानं वस्तादाकडं बघितलं.

वस्ताद त्याच्याकडं बघत नव्हता. मखमलीच्या पेटीत पाना नीट बसवत होता, जसा काही त्याचाच.

सातापानं फळीवर एक पाय ठेवला. मग तो थांबला. अजून एक गोष्ट घशात होती. सात वर्षं होती. आज सगळं कळलं तरी ती खाली जाईना, उलट वर आली.

"एक सांगा, वस्ताद. तीन वर्षं मला काडी धराया लावली. रस्त्यावर बसवून आटं मोजाया लावलं. लोक हसलं, तुमी बघत ऱ्हायलासा. कशासाठी, ते एकदा तरी सांगायचं हुतं. एकदा. मी गेलो नसतो. ही गाडी तीनदा अशी... एकदा तरी सांगितलंसा का?"

गाडी सुरू होती.

वस्तादानं पेटीचं झाकण लावलं. बाकड्यावर विडीच्या कागदाचा फाटलेला तुकडा पडला होता, तो उचलला. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये धरून बघितला...

"रोज सांगत हुतो, सातापा," तो म्हणाला. "तुझ्या-माझ्या मधनं कागद जात हुता."